डाव्या चाकातली घरघर

लातूरहून मुखेडला जाताना अहमदपूर मागे पडले की सिमेंटचा रस्ता संपतो आणि डांबर लागते. चाकांखालचा आवाज तिथे बदलतो. सिमेंटवर तो कोरडा आणि सलग असतो, कोणीतरी एकच स्वर हट्टाने धरून ठेवल्यासारखा. डांबरावर येताच तो खाली बसतो, मऊ होतो, आणि त्याबरोबर माझे खांदेही नकळत सैल पडत. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सिमेंट संपले, डांबर आले, आवाज नेहमीसारखा खाली बसला. पण त्याच्या तळाशी दुसरा एक आवाज उरला.

ती घरघर होती. छातीत कफ साठलेल्या माणसाने झोपेत श्वास घ्यावा तशी, ओलसर, खालच्या पट्टीतली. वेग वाढवला की ती चढे, कमी केला की उतरे. क्लच दाबून इंजिन मोकळे सोडून पाहिले, तरी तिच्यात फरक पडला नाही. म्हणजे इंजिनाचा तिच्याशी संबंध नव्हता. उजव्या वळणावर ती उसळून वर येई आणि डाव्या वळणावर जवळजवळ विझे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. शिवाय कानाआधी ती माझ्या डाव्या पावलाच्या तळव्याला कळत होती. पुढचे डावे चाक काहीतरी सांगत होते, आणि ते ऐकणारी गाडीत मी एकटी होते.

ही गाडी घरात आली तेव्हापासून मी तिचे आवाज शिकत आले होते. मी महाविद्यालयात कविता शिकवते. ओळीत कुठे एक मात्रा कमी पडली हे अर्थ कळण्याआधी कानाला कळते, त्याच कानाने मी गाडी ऐकत असे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पट्ट्याची बारीक किंकाळी, सायलेन्सरवरच्या सैल पत्र्याची खुळखुळ, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डची कुरकुर, ब्रेकचे पॅड झिजत आल्यावर पाटीवर नख ओढल्यासारखी येणारी शिरशिरी. यातला कोणता आवाज नुसता बडबड्या आहे आणि कोणता खरोखर दुखणे सांगतो, हे मला हळूहळू समजू लागले होते. गाडी होती मात्र नवऱ्याच्या नावावर. ‘घरातली गाडी, नाव कुणाचंही असलं तरी काय,’ असे तेव्हा ते म्हणाले होते, आणि तेव्हा मलाही त्यात काही खटकले नव्हते.

आई मुखेडला एकटी राहते. काचबिंदूने तिची नजर गेली आहे. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला उरला आहे. गाडी नव्हती तेव्हा तिच्याकडे जायचे म्हणजे एसटी, अहमदपूरला बदलायची दुसरी एसटी, आणि त्याआधी घरात आठवडाभर चाललेली विचारपूस: जायलाच पाहिजे का, परवाच तर गेली होतीस. गाडी आल्यावर ही विचारपूस थांबली. शनिवारी दुपारी निघायचे, रात्र तिच्याजवळ काढायची, रविवारी संध्याकाळी परतायचे. काच खाली घेतली की शेतांचा वास आत येई, आणि तेवढ्या रस्त्यात मी कोणाचीही कोणी नसे. म्हणून त्या घरघरीने मी घाबरले. गाडी बिघडली तर शनिवार जाणार होते.

नवऱ्याची डाळमिल आहे. लातुरात अशा मिली पुष्कळ. तूर भरडण्याच्या त्या सततच्या खडखडाटात त्यांचे तरुणपण गेले. मिलमध्ये माणसे एकमेकांशी हातांनी बोलतात. तिथे आवाज म्हणजे सगळे सुरळीत असल्याची खूण, आणि आवाज थांबला म्हणजे काहीतरी तुटले. हा नियम त्यांनी मिलच्या बाहेरही आणला होता.

“कसला आवाज?” ते म्हणाले.

“घरघर. डाव्या बाजूनं. वेग घेतला की वाढते.”

“मग वेग घेऊ नको.”

“अहो, चाकाचं बेरिंग असावं. एकदा दाखवून घेऊ या.”

“सिमेंटचा रस्ता हाय तो. सगळ्यांच्याच गाड्या वाजून राहिल्यात त्याच्यावर.”

“डांबरावरही येतो आवाज.”

“मग डांबराचा असंल.” ते हसले. “आयुष्य मशिनीत गेलं माझं. आमच्या मिलमध्ये आवाज थांबला की पळायचं असतं. चालू हाय तोवर बसून चहा प्यायचा. तू मला आवाज शिकवून राहिलीस.”

एक दिवस ते स्वतः गाडी घेऊन औशापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, एकदम टकाटक. मला नवल वाटले नाही. घरात टीव्ही असा चालतो की शेजारच्यांना मालिका फुकट ऐकू येतात. कुकरची शिट्टी त्यांना पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही, आणि मी काही म्हटले की उत्तर ठरलेले: ‘तू हळू बोलतेस.’ कानाच्या डॉक्टरचा विषय मी एकदा काढला होता, त्यानंतर जेवणाच्या ताटावर दोन दिवस कोणी बोलले नव्हते. चाकातली घरघर आहे असे मान्य करायचे, तर ती आपल्याला ऐकू येत नाही हेही मान्य करावे लागणार होते. त्यापेक्षा ती माझ्या डोक्यात आहे हे सोपे होते.

पुढच्या शनिवारी मी आईच्या दाराशी पोहोचले तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती. गाडी बंद करून मी उतरायच्या आत ती म्हणाली, “गाडी काहून कण्हून राहिली गं तुझी?”

मी तिच्याजवळ गेले. “तुला ऐकू आलं?”

“डोळे गेलेत माय, कान हायेत की अजून.”

“कशी वाटली?”

“मला काय कळतंय त्यातलं. अंगात कणकण असल्यावर माणूस कसं चालतं, तशी आली बघ गल्लीतनं.”

मला रडू आले ते गाडीसाठी नव्हते. घरी परतल्यावर मी मूर्खासारखे हे नवऱ्याला सांगितले. “म्हणजे मायलेकींनी मिळून गाडीला ताप आणला म्हणायचा,” ते म्हणाले, आणि मिलमधल्या मुनीमजींना फोनवर हा विनोद माझ्यासमोरच ऐकवला.

शेवटी मी एकटीच औसा रोडवरच्या गॅरेजात गेले. आमचा मिस्त्री लातुरातल्या जुन्या मुसलमान घराण्यातला. वडील जीपगाड्या दुरुस्त करत, आता हा मोटारी करतो. पत्र्याखाली जळक्या ऑइलचा, रबराचा आणि उन्हाने तापलेल्या लोखंडाचा वास दाटलेला असतो. त्याने हात पुसले, प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः पुसून पंख्याखाली ठेवली, आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता, अदबीने बाजूच्या बॉनेटकडे पाहत विचारले, “बोला भाभी.”

मी सगळे सांगितले: डांबर, वळण, तळपाय. त्याने मान हलवली.

“ट्रायल घ्यावी लागंल. शेठ कवा येतील?”

“शेठ कशाला? मी आहे ना. चला, आत्ताच जाऊ.”

तो अवघडला. त्याच्या गॅरेजात एक रीत होती, आणि ती वाईट मनाने पाळलेली नव्हती. परक्या घरातली बाई एकटी शेजारी बसवून तो गाडी रस्त्यावर काढत नसे. लोक बोलतात, त्याला, आणि त्याहून जास्त तिला. ही त्याची सभ्यता होती, आणि सभ्यतेशी भांडता येत नाही.

“मग तुम्ही एकटे घेऊन जा. उजव्या वळणावर लक्ष द्या फक्त.”

“आवाज कंचा ते दाखवायला कोणतरी पायजे ना भाभी. गाडीत हजार आवाज असतेत. गिऱ्हाइकानं सांगायचं, ह्यो बघ, ह्यो. शेठला घेऊन या, पाच मिनटाचं काम हाय.”

आवाज दाखवायला पुरुष हवा होता, आणि माझ्या घरातल्या पुरुषाला तो ऐकू येत नव्हता. मी त्या खुर्चीवरून उठले. पंख्याच्या मोटरीतही घरघर होती.

दुसऱ्या गॅरेजात जाता आले असते. गेलेही, तिथे काउंटरवरून पहिला प्रश्न आला, सर कुठे आहेत? आणि घरात न सांगता त्यांच्या नावावरची गाडी परक्या मिस्त्रीकडे खोलून घेतली असती, तर संध्याकाळपर्यंत ते मिलच्या गादीवर कोणीतरी पोहोचवलेच असते. लातूर मोठे झाले म्हणतात, तरी तेवढे झालेले नाही.

बरेच दिवस मागे लागल्यावर नवरा आला. मी हट्टाने मागच्या सीटवर बसले. मिस्त्री चालवत होता, नवरा त्याच्या शेजारी. पहिल्या चौकापासून ते दोघे बोलू लागले: तुरीची आवक, मिलचा नवीन पट्टा, मजूर मिळत नाहीत, मिस्त्रीच्या मेव्हण्याचे ट्रकचे काम. मोठ्याने, मिलमध्ये बोलतात तसे. मी पुढच्या सीटच्या पाठीला हात लावून बसले होते आणि त्या बोलण्याच्या खालून घरघर चढत चाललेली मला ऐकू येत होती. मग उजवे वळण आले. ती उसळली.

“आता ऐका,” मी म्हणाले.

“काय?” नवऱ्याने मागे वळून विचारले.

“आता येतोय आवाज. आता.”

“अगं, तूच बोलत राहिलीस तर ऐकू कसं येणार?”

वळण संपले. आरशात क्षणभर मिस्त्रीचे डोळे दिसले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि तेवढे एकदाच त्याने माझ्याकडे सरळ पाहिले असेल. मग त्याने नजर रस्त्यावर नेली. मला वाटले, याला कळले.

गॅरेजात परत आल्यावर तो चाकांपाशी उकिडवा बसला, टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, “टायर घासलेत शेठ, एका अंगानं. त्याचा आवाज असंल. पुढचे मागं, मागचे पुढं करून देतो.”

“बघ,” नवरा मला म्हणाला. “टायर.”

टायरचा आवाज असता तर टायरबरोबर तोही मागे गेला असता. पुढच्या शनिवारी अहमदपूरनंतर मी कान देऊन बसले. आवाज होता तिथेच होता, पुढे, डावीकडे. आता थोडा खरबरीत झालेला, जणू ओल्या वाळूत खडे मिसळले होते. मी घरी सांगितले. “एकदा दाखवलं ना? रोज गॅरेजला जाऊन राहिलो तर मिल कोण बघंल?” मी गॅरेजात फोन केला. “शेठला विचारून सांगा भाभी, मी लगेच खोलतो.” शेठला विचारणे म्हणजे पुन्हा त्याच अबोल ताटावर बसणे. मी वेग कमी केला. सगळ्यांनी मिळून मला एवढेच शिकवले: आवाज येऊ नये इतके हळू चाला.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी जांब गावाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना तुरीची शेते असलेल्या सरळ रस्त्यावर, स्टिअरिंग माझ्या हातात थरथरू लागले. घरघर आता घरघर राहिली नव्हती, धातूवर धातू घासल्याची खरखर झाली होती, आणि आत करपलेल्या ग्रीसचा गोडसर, मळमळ आणणारा वास आला. मी ब्रेकवर जोर न देता गाडी हळूहळू कडेला घेतली आणि बाभळीखाली थांबवली. उतरून डाव्या चाकाजवळ हात नेला. टेकवावा लागला नाही, धग लांबूनच लागली. अजून थोडी रेटली असती तर काय झाले असते ते मला कळत होते. म्हणूनच मी थांबले होते.

भोवती वाळलेल्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या. एक एसटी हळू झाली, चालकाने खिडकीतून डोके काढले.

“काय झालं ताई? पंक्चर?”

“नाही. पुढचं बेरिंग गेलंय.”

“तुमाला काय ठाऊक?” तो म्हणाला. त्यात टोचणी नव्हती, साधे नवल होते. बस पुढे गेली. खिडक्यांतून बायका मागे वळून वळून बघत राहिल्या.

मी घरी फोन लावला. “जांबच्या अलीकडे गाडी थांबवली आहे. चाकाचं बेरिंग.”

“बंद पडली?”

“पडली नाही. मी थांबवली.”

“एकटी हायेस? रानात? काच वर घे. दारं लावून बस.” त्यांच्या आवाजात खरी काळजी होती; ते मी नाकारत नाही. पण मी काय सांगितले ते त्या काळजीत बुडून गेले.

मग आईला कळवले. “मग येत न्हाईस का?” तिने विचारले. “बघते,” मी म्हणाले.

ऊन कलताना नवरा मिलच्या मोठ्या गाडीतून मिस्त्रीला घेऊन पोहोचला. मिस्त्रीने जॅक लावला, चाक वर उचलले, वरून आणि खालून धरून हलवले. ते सैल दातासारखे हलले. हाताने फिरवले तर आतून दगड भरडल्याचा आवाज आला. तो आवाज त्या शांत रानात कोणालाही ऐकू आला असता, आणि नवऱ्यालाही आला. त्यांच्या भुवयांवरून मला दिसले.

“बेरिंग संपलंय शेठ.”

 नवरा माझ्याकडे वळला. “खड्ड्यातनं घालत असशील. बायकांचं लक्ष नसतंय रस्त्याकडं.”

मी मिस्त्रीकडे पाहिले. तो पान्याने नट सोडवत होता. “खड्ड्यानंबी जातं,” तो चाकाला म्हणाला.

नवरा मागे जाऊन फोनवर टोइंगवाल्याशी ओरडून बोलू लागला, तेव्हा मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला, “भाभी, खरं सांगतो, त्या दिवशी वळणावर मलाबी जाणवलं हुतं थोडं.”

“मग बोलला का नाहीत?”

 त्याला खोटे बोलायचे नव्हते. “शेठचं बोलणं चालू हुतं ना.”

तिथून मुखेड जवळ होते आणि लातूर लांब. आम्ही लातूरला आलो. वाटेत नवरा एकाच गोष्टीवर बोलत होता: नशीब, दिवस होता, नशीब, कोणी वाईट माणूस आले नाही. दुसऱ्या दिवशी सासरच्या सगळ्या नात्यांत ही कथा पोहोचली होती, आणि तिच्यात गाडी बंद पडली होती. आडरानात, एकटी बाई, बंद पडलेली गाडी. घरघरीचा, टायरच्या अदलाबदलीचा, माझ्या इतक्या दिवसांच्या सांगण्याचा तिच्यात मागमूस नव्हता. एका नणंदेने तर मला फोनवर समजावले, “वहिनी, गाडी ही बायांच्या हातातली चीज नाही. दादाला किती टेन्शन दिलंस.” मी खरी ठरले होते, आणि त्याचा उपयोग माझ्याविरुद्ध झाला. आवाज नव्हता तोवर मी वेडी होते. आवाज निघाला तेव्हा गाडी मला झेपत नव्हती.

गाडी दुरुस्त होऊन आली ती आमच्या दारात दोन दिवससुद्धा राहिली नाही. अर्धापूरहून दीर आला. त्याच्या केळीच्या बागा आहेत, धावपळ असते, त्याला गाडी हवीच होती. भावाभावांचे ते माझ्या मागे ठरले होते. मला चहा करताना कळले.

“वहिनी, तुम्हाला वाईट नाही ना वाटत?” त्याने विचारले. तो मनाचा बरा आहे.

मी उत्तर द्यायच्या आत नवरा म्हणाला, “तिला कशाचं वाईट वाटतंय? सुटली. मी हाय ना न्यायला.”

त्यांनी शब्द मोडला असे मी म्हणणार नाही. ते नेतात. मिलचे काम बघून, जमेल त्या रविवारी, थंडगार मोठ्या गाडीतून, काचा बंद. त्या गाडीत बाहेरचे काही ऐकू येत नाही आणि शेतांचा वासही येत नाही. आईकडे पोहोचले की ते चहा घेतात, तिच्या तब्येतीची मोठ्याने चौकशी करतात आणि गाडीत जाऊन बसतात, कारण तिच्या घरात गरम होते. रात्र राहायचा प्रश्नच येत नाही.

गेल्या खेपेला मी आईचे केस धुवायला घेतले. ते विरळ झाले आहेत. ओले झाल्यावर त्यांतून तिची कवटी लहान मुलाच्या डोक्यासारखी हाताला लागते. शिकेकाईचा कडवट वास न्हाणीत भरला होता आणि ती डोळे मिटून कोणा शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगत होती, लांबवून, मध्येच थांबून, जशी रात्री अंथरुणात सांगायची. गोष्ट अर्ध्यावर आली असताना बाहेर हॉर्न वाजला.

ती थांबली. “जा माय. जावईबापू खोळंबले असतील.”

“केस ओले आहेत तुझे. पुसून देते, विंचरून देते.”

“वाळतील की. उन्हात बसते मी ओट्यावर.”

ऊन ओट्यावरून केव्हाच उतरले होते. दिसत नसले तरी अंगाला ते कळतेच, तिलाही कळत होते. मी टॉवेल तिच्या डोक्याला गुंडाळला आणि तिने तो वरून दोन्ही हातांनी धरला. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी कितीतरी जास्त वेळ. वाजवणाऱ्याला स्वतःला तो पुरेसा ऐकू येत नसावा.